काळी आणि पांढरी : गोदा-प्रवरा खोऱ्यातील आद्य शेतकऱ्यांचा भूप्रदेश

मराठी खेड्याच्या बोलीत गावच्या भूमीचे दोन भाग मानले जातात. जिच्यावर वस्ती असते ती पांढरी आणि जी कसली जाते ती काळी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती आणि शेणाचा व कडब्याचा कुजलेला अंश साचून वस्तीच्या जागेला भुरकट पांढरा रंग येतो. म्हणूनच शेकडो वर्षांपूर्वी ओसाड पडलेल्या गावाची जागाही शेतकऱ्याला नुसत्या रंगावरून ओळखता येते. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांविषयी आजवर झालेले संशोधन या दृष्टीने पाहिले, तर ते बहुतांशी पांढरीचे संशोधन आहे, असे म्हणावे लागते. जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये, नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात, दायमाबाद येथे १९५८-५९ पासून, इनामगाव येथे १९६८ ते १९८३ पर्यंत आणि पैठण तालुक्यातील आपेगाव येथे १९७६ मध्ये जी उत्खनने झाली, त्यांनी ताम्रपाषाणयुगीन माणसाचे घर, चूल, रांजण, दफनाची रीत आणि हत्यारे यांचे स्पष्ट चित्र उभे केले. त्या घराच्या दारात उभे राहिल्यावर समोर काय दिसत असेल, हा प्रश्न मात्र बराच काळ मागे राहिला. रान दाट होते की विरळ, नदी काठाशी वाहत होती की खोल दरीत, माळावर माती होती की आजच्यासारखा मुरूम, या प्रश्नांची उत्तरे पांढरीपेक्षा काळीत दडलेली आहेत.

हा प्रश्न केवळ चित्र पूर्ण करण्यापुरता महत्त्वाचा आहे असे नाही. इ.स.पू. १४०० ते १००० या सुमारास गोदावरी आणि प्रवरा यांच्या काठी जोर्वे संस्कृतीची गावे भरभराटीस आली होती. दायमाबादची वस्ती तर या काळात पूर्वीच्या कोणत्याही काळापेक्षा अधिक विस्तारलेली दिसते. त्यानंतर, इ.स.पू. १००० च्या आसपास, ही गावे एकामागून एक उजाड झाली. नेवासे येथे ताम्रपाषाणयुगीन थर आणि त्यावरील ऐतिहासिक काळाचा थर यांच्यामध्ये वस्ती नसलेल्या काळाचा खंड आहे. गावे का उठली, या प्रश्नाला दीर्घकाळ दिले गेलेले उत्तर एका शब्दाचे आहे : पाऊस. हवामान कोरडे झाले, शेती बुडाली आणि माणसे पांगली, ही उपपत्ती प्रा. म. के. ढवळीकर यांनी आग्रहाने व साधार मांडली आणि ती मान्यताही पावली. तिचे बळ किती, हे ठरवायचे असेल तर त्या काळचा भूप्रदेश प्रथम उभा करावा लागतो.

या प्रदेशाचे आजचे रूप परिचित आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या या पट्ट्यात वर्षाकाठी साधारणतः ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत आणि लहरीने. नदीकाठी गाळाची मळई, तिच्यामागे खोल काळी, काळीच्या वर बरड व मुरमाड माळ आणि क्षितिजावर बेसाल्टच्या सपाट माथ्याचे डोंगर, असा जमिनीचा चढता क्रम छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे किंवा कायगाव टोक्याकडे जाताना सहज दिसतो. माळावर बोर, बाभूळ, हिवर यांसारखी काटेरी झाडे तुरळक आढळतात. साग, धावडा, सालई यांचे रान डोंगराच्या आश्रयाने उरले आहे. ताम्रपाषाणयुगीन गावे बहुधा पहिल्या दोन पट्ट्यांच्या संधीवर, पुराच्या पातळीच्या किंचित वर वसलेली आढळतात. आपेगाव हे गोदावरीच्या डाव्या तीरावर आणि दायमाबाद हे प्रवरेच्या डाव्या तीरावर आहे. पाणी, मळई, काळी आणि चराऊ माळ ही चारही साधने थोड्या चालीच्या अंतरात सापडतील, अशीच जागा त्या शेतकऱ्याने निवडली. शेतकरी रोजच्या कामासाठी घरापासून साधारण तासाभराच्या वाटेपलीकडे जात नाही, या निरीक्षणावर केंब्रिज येथील व्हिटा-फिंझी आणि हिग्ज यांनी १९७० मध्ये वसाहतीच्या परिसराचे विश्लेषण करण्याची जी पद्धत मांडली, तिला गोदाकाठची ही गावे चांगले उदाहरण ठरतात.

परंतु आजचा क्रम तीन हजार वर्षांपूर्वी असाच होता, हे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी साक्षी तपासावे लागतात. हे साक्षी अनेक आहेत आणि प्रत्येकाच्या बोलण्याला मर्यादा आहे.

पहिला साक्षी धान्य. दायमाबाद, इनामगाव इत्यादी ठिकाणच्या जळालेल्या दाण्यांचा अभ्यास डेक्कन कॉलेजचे डॉ. मुकुंद काजळे यांनी केला. त्यांत सातू, गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ यांसारखी पिके आहेत. बोरीच्या आठळ्याही आहेत. सातू, गहू, मसूर आणि वाटाणा ही रब्बीची पिके होत. ती पावसावर प्रत्यक्ष वाढत नाहीत. पावसाळ्यात काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या दहिवरावर वाढतात. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, या गावांजवळ ओल धरणारी खोल माती होती आणि ती कसली जात होती. दुसरी, या शेतकऱ्याचे भवितव्य आकाशाइतकेच मातीच्या जाडीवर अवलंबून होते. लोखंडी फाळ हाती येण्यापूर्वी जड काळी जमीन कसणे शक्य नव्हते, असे पूर्वी सरसकट मानले जाई. परंतु काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते आणि जमीन स्वतःच उलथीपालथी होते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. अशा जमिनीत पेरणी करण्यास लाकडाचे वा हाडाचे साधे औतही उपयोगी पडू शकते. धान्याच्या साक्षीला मर्यादा अशी, की दाणा माणसाने काय पेरले हे सांगतो, पाऊस किती झाला हे सांगत नाही. इनामगाव येथे नदीचे पाणी वळवून आणणारा मोठा पाट आणि त्याला लागून घातलेला बांध सापडला आहे. अशा ठिकाणी गव्हाचा दाणा पावसाइतकीच पाटाची ग्वाही देतो.

दुसरा साक्षी हाडे. इनामगावच्या थरांत गाय-बैल, म्हैस, शेळ्या-मेंढ्या, कुत्रा या पाळीव प्राण्यांच्या जोडीला काळवीट, चितळ, सांबर आणि ससा यांचीही हाडे मिळाली. काळवीट मोकळ्या गवताळ सपाटीचा प्राणी आहे. त्याला दाट रान मानवत नाही. चितळाला पाणी व सावली यांचे सान्निध्य लागते, तर सांबर डोंगरउताराच्या झाडीत राहते. एकाच गावाच्या उकिरड्यात या तिघांची हाडे मिळावीत, याचा अर्थ गावाच्या टप्प्यात गवताळ माळ, नदीकाठची झाडी आणि रानाचा डोंगर असे तिन्ही प्रदेश होते, असा होतो. सलग निबिड अरण्य तोडून शेतकऱ्याने वस्ती केली, ही कल्पना या पुराव्याशी जुळत नाही. प्रदेश आरंभापासूनच मिश्र होता. गवत, काटेरी झुडपे आणि रांगेने वाढणारी नदीकाठची वृक्षराजी यांचा तो मिलाफ होता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेल्या कांस्यमूर्तींत बैलांचा रथ, म्हैस, हत्ती आणि गेंडा यांच्या मूर्ती आहेत. त्यांवरून प्रवरेच्या काठी गेंडे चरत असत, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु मूर्ती आणि हाड यांची साक्ष एकाच मोलाची नाही. मूर्ती दूरच्या देशातून येऊ शकते, ती घडवणारा कारागीरही दूरचा असू शकतो. शिवाय या मूर्तींच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. खाऊन टाकलेल्या हरणाचे हाड सहसा गावच्या शिवारातलेच असते. भूप्रदेश उभा करताना सुंदर वस्तूपेक्षा उकिरडा अधिक विश्वसनीय ठरतो.

तिसरा साक्षी खुद्द माती, आणि तिची साक्ष घेणे सर्वांत कठीण. पाश्चात्त्य देशांत दलदलीच्या व सरोवरांच्या तळाशी साचलेल्या परागकणांवरून प्राचीन वनश्रीचा इतिहास लिहिला गेला. दख्खनच्या काळ्या मातीत हा मार्ग बहुधा बंद होतो. ती क्षारयुक्त आहे आणि दरवर्षी ओली होऊन पुन्हा कडक वाळते. अशा मातीत पराग टिकत नाहीत. शिवाय जी उलथापालथ शेतकऱ्याला उपकारक, तीच संशोधकाला अपायकारक, कारण तीमुळे थरांचा क्रम मोडतो. तथापि गवताच्या पेशींत साठणारे सिकतेचे सूक्ष्म कण मातीत टिकून राहतात आणि त्यांच्या आकारावरून गवताचे प्रकार ओळखता येतात. गाळात बनलेले चुनखडीचे खडे कोरड्या ऋतूंची खूण देतात. नदीकाठच्या उभ्या दरडींतील गाळाचे थर वाचण्याचे शास्त्र प्रा. शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात रुजवले. दख्खनच्या नद्यांनी कधी गाळ साठवला आणि कधी आपलेच पात्र खोल कापले, हे त्या दरडी सांगतात. पात्र खोल गेले म्हणजे काठची ओल उतरते आणि पाट काढणे अवघड होते. म्हणून गावाचे नशीब केवळ पावसाने ठरत नाही, नदीच्या पातळीनेही ठरते.

उरलेले दोन साक्षी गावापासून दूर आहेत, परंतु त्यांनीच अलीकडे या चर्चेला नवे वळण दिले. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या लोणार सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या स्तंभाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रदीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड आढळले : एक आजपासून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. सरोवराच्या कालगणनेत शतकाची चूक संभवते, हे लक्षात ठेवूनही या आकड्यांची गावांच्या इतिहासाशी तुलना करणे उद्बोधक ठरते. दायमाबादची सर्वांत जुनी, सावळदा संस्कृतीची वस्ती इ.स.पू. २२०० ते २००० च्या सुमाराची, म्हणजे पहिल्या अवर्षणाच्या ऐन काळातील ठरते. जोर्वे संस्कृतीची भरभराट आणि तिचा ऱ्हास या दोन्ही घटना दोन अवर्षणांच्या मधल्या काळात पडतात. दुसऱ्या अवर्षणाच्या चौदा शतकांत तर याच भूमीवर सातवाहनांचे प्रतिष्ठान नांदले, वेरूळची लेणी कोरली गेली आणि देवगिरीच्या यादवांचे राज्य उभे राहिले. पावसाची तूट आणि वस्तीचा नाश यांचे समीकरण इतके सरळ असते, तर हा क्रम संभवला नसता.

दुसरी दूरची साक्ष बंगालच्या उपसागरात आहे. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या स्तंभात दख्खनची माती थरावर थर साचलेली आहे. त्या गाळातील पानांच्या मेणकट अंशाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून १७०० वर्षांपूर्वीपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्या हवेस सरावलेल्या वनस्पतींचे प्रमाण वाढत गेले, असे त्यात दिसून आले. त्याच गाळावर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने हेही दाखवले, की सुमारे ४००० वर्षांपूर्वीनंतर नदीने वाहून आणलेल्या गाळाचे प्रमाण वाढले आणि त्यात दख्खनच्या बेसाल्टची माती अधिकाधिक येऊ लागली. जमिनीची ही धूप हवामानाच्या कोरडेपणाशी आणि शेतीच्या प्रसाराशी, अशी दोहोंशी निगडित आहे, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. गवत व झुडपे विरळ झालेल्या उतारावर चार महिन्यांचा जोरकस पाऊस पडला, की माती थांबत नाही. ज्या सहस्रकात दख्खनवर पहिला नांगर फिरला, त्याच सहस्रकापासून दख्खनची माती समुद्राकडे जाऊ लागली, हा योगायोग दुर्लक्षिण्यासारखा नाही.

हे सर्व साक्षी एकत्र ठेवले असता जे चित्र उभे राहते, ते पुढीलप्रमाणे. आद्य शेतकरी या प्रदेशात आला तेव्हा तो आधीच निमकोरडा होता. गवताळ सपाटी आणि विरळ झाडी हे त्याचे मूळ रूप होते. माळावर आजच्यापेक्षा अधिक माती आणि अधिक गवत होते. शेतकऱ्याने प्रथम नदीकाठची जमीन कसली. वस्ती वाढली तशी त्याच्या शेळ्यामेंढ्या व गुरे माळावर चरू लागली. घरांना वासे, कुंपणांना काटे आणि भट्ट्यांना जळण लागले. जोर्वे पद्धतीचे भांडे बोटाने वाजवले असता धातूसारखा खणखणीत नाद देते, इतके ते कडक भाजलेले असते. त्या प्रत्येक भांड्यामागे जळालेल्या लाकडाचा हिशेब आहे. काही शतकांत माळ उघडा पडला, माती ओघळली, ओल धरण्याची भूमीची शक्ती घटली. त्यानंतर आलेले कोरडे वर्ष पूर्वीच्या कोरड्या वर्षाइतकेच असले, तरी त्याचा आघात अधिक कठोर झाला. पाऊस कमी पडणे आणि दुष्काळ पडणे या दोन भिन्न घटना आहेत. त्यांच्यामध्ये जमीन उभी असते.

या मताला इनामगावचा पुरावा पूरक आहे. भीमेच्या खोऱ्यातील हे गाव पैठण-नेवासे पट्ट्याहून दमट प्रदेशात नाही. तेही पर्जन्यछायेतच येते. तरीही गोदा-प्रवरेची गावे उठल्यानंतर ते सुमारे तीन शतके, इ.स.पू. ७०० पर्यंत, टिकून राहिले. केवळ आकाशच कारण असते, तर हा भेद समजावणे कठीण झाले असते. अर्थात टिकण्याची किंमत त्या गावाने चुकवली. पूर्वीच्या प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरची भिस्त वाढली. घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेल्या बालकांच्या अस्थींचा अभ्यास ग्वेन रॉबिन्स शुग यांनी केला आणि तो २०११ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. उत्तर जोर्वे काळातील बालकांची वाढ खुंटलेली होती, असे त्यात आढळले. हवामानात अचानक झालेला पालट हेच ऱ्हासाचे कारण, या मताविषयी त्यांनी शंका उपस्थित केली. ज्या भूमीने पाचशे वर्षे पोसले, तिची पोसण्याची शक्ती कमी झाल्याची नोंद त्या लहान हाडांत आहे; तीच या प्रश्नातील सर्वांत बोलकी साक्ष होय.

ढवळीकरांची उपपत्ती यामुळे खोटी ठरते, असे मानण्याचे कारण नाही. समुद्रातील गाळही कोरडेपणा वाढत गेल्याचेच सांगतो. तिच्यात भर एवढीच घालावयाची, की हवामान हा एकटा कर्ता नव्हता. शेतकरी हा भूप्रदेशाचा केवळ भोक्ता नव्हता, तो त्याचा घडवणाराही होता. बरड माळ, उघडे डोंगर आणि गढूळ पुराची नदी हे जे दृश्य आज मराठवाड्याचे निसर्गसिद्ध रूप वाटते, त्यातील काही भाग तीन-साडेतीन हजार वर्षांच्या शेतीने घडलेला आहे.

या विचाराची पुढील परीक्षा काळीतच व्हावयास हवी. आपेगावच्या पांढरीभोवतीचे एका कोसाचे शिवार हे अशा अभ्यासासाठी योग्य क्षेत्र आहे. तेथे नव्या विहिरी खोदल्या जातात तेव्हा मातीचे उभे छेद आपोआप उघडे पडतात. त्यांतून ठरावीक अंतराने माती घेऊन तिच्यातील सिकताकण, कोळशाचे तुकडे, चुनखडीचे खडे आणि कार्बन-१४ पद्धतीने काळ यांची तपासणी करता येईल. माळाच्या पायथ्याशी साचलेल्या ओघळमातीत जोर्वे खापराचे तुकडे मिळाल्यास माळ केव्हा उघडा पडला, याचा प्रत्यक्ष पुरावा हाती येईल. या कामाला मोठे उत्खनन लागत नाही. इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि मृदाशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन ते करावयाचे आहे.

त्यासाठी अवधी मात्र अमर्याद नाही. पैठणजवळ १९६५ मध्ये पायाभरणी झालेल्या आणि १९७६ मध्ये उद्घाटन झालेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाने सुमारे ३५० चौरस किलोमीटर भूमी व्यापली असून त्याचा फुगवटा कायगाव टोक्याच्या संगमापर्यंत पोहोचतो. वरचा नदीकाठ त्यामुळे केवळ तीव्र उन्हाळ्यात, पाणी ओसरल्यावर काही अंशी पाहता येतो. उरलेल्या काठावर पांढरीची माती शेताला खत म्हणून आणि घरांना माती म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली आहे. आता यंत्राने एका दिवसात आख्खे टेकाड सपाट होते. शेतकऱ्याला त्यात दोष देता येत नाही, कारण ती माती त्याच्या कामाची आहे आणि तिच्यातील राखेचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला नाही. तो सांगणे आणि टेकाडाबरोबर त्याच्या भोवतालच्या शिवाराचीही नोंद करणे, हे या भागातील अभ्यासकांचे पहिले काम आहे. ज्या गावाची पांढरी हरवली, त्याच्या काळीचा इतिहासही पुढे कोणाला लिहिता येणार नाही.